हत्यारांची निगा व आमची हयगय

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुतारकामाच्या खोलीचें कुलूप काढलें, तेव्हां पहिला पाऊस पडून आठवडा लोटला होता. एप्रिलमध्यें आम्हीं स्वतः मोजून पेटींत ठेवलेल्या करवती बाहेर काढतांच आमचे हात तांबडे झाले. गिरमिटांच्या पन्हळींत सागाचा भुसा ओला होऊन घट्ट बसला होता. आणि ज्या गोणपाटांत हीं हत्यारें आम्हीं मोठ्या काळजीनें गुंडाळलीं होतीं, तें गोणपाटच ओल धरून बसलें होतें. दोष शिपायाचा नव्हता, विद्यार्थ्यांचा तर नव्हताच. हत्यारें मोजून ठेवणें म्हणजेच हत्यारें सांभाळणें, अशी जी आमची समजूत होती, तिचा तो दोष होता. आणि ही समजूत आमच्यापुरतीच आहे असें आम्हांस वाटत नाहीं, म्हणून हे चार शब्द.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून निराळा झाला. परंतु या मुलखाचा लांकडाशीं संबंध फार जुना आहे. तळोदें हें गांव इमारती लांकडाचा बाजार व उत्तम बैलगाड्या यांसाठीं खानदेशांत नांवाजलेलें असल्याची नोंद १८८० सालच्या सरकारी गॅझेटियरांत आहे. आजही आमचे कांहीं विद्यार्थी शाळा सोडल्यावर गांवच्या सुताराच्या हाताखालीं, तर कांहीं गुजरातेंत फर्निचरच्या कामावर जातात. अशा मुलाजवळ स्वतःची म्हणावी अशी एखादीच करवत असते. ती अडली कीं त्याची त्या दिवसाची मजुरी अडली.

आतां आमच्या नेहमींच्या लांकडाविषयीं. सागाला सहसा कीड लागत नाहीं, याचें श्रेय त्यांतील तेलकट द्रव्यांस आहे. पण तींच द्रव्यें भुशासह करवतीच्या दांतांवर बसतात आणि घर्षणाच्या उष्णतेनें त्यांचा काळा, चिवट थर बनतो. शिवाय सागांत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, सूक्ष्म कणांच्या रूपानें असतें व त्यानें धार झिजते. हीं दोन दुखणीं अगदीं निराळीं. झिजलेल्या दांतास कानस लागते. मळलेल्या दांतास पाणी व ब्रश पुरतो. पण होतें काय कीं, करवत अडूं लागली, लांकूड जळाल्याचा वास आला, कीं आपण ती "बोथट" ठरवून मोकळे होतों. मग कानस विनाकारण पोलाद खाते. विजेवर चालणाऱ्या गोल करवतीच्या दांतांना तर टंगस्टन कार्बाइडचीं लहानशीं टोकें जोडलेलीं असतात; तीं उगाच घासून संपविलीं कीं महागाचें पातें भंगारांत जातें. आमच्या खोलींत बोथट म्हणून बाजूस टाकलेल्या बऱ्याच करवती नुसत्या धुतल्यावर पूर्ववत् चालूं लागल्या, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. कारण अशाच एका मळलेल्या करवतीवर जोर देतां देतां एका मुलाचा हात सटकला होता आणि त्याच्या अंगठ्याला टांके घालावे लागले होते. त्या वेळीं आम्हीं त्यालाच "लक्ष कोठें होतें ?" म्हणून विचारलें होतें.

धुण्याची कृति सोपी आहे. यंत्राची वीज तोडून पातें सोडवावें, कोमट पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत तें थोडा वेळ ठेवावें आणि नायलॉनच्या ब्रशानें दांतांच्या दिशेनें घासावें. कॉस्टिक सोडा मुलांच्या हातीं देऊं नये. मग स्वच्छ पाण्यानें धुऊन लागलीच कोरडें करावें व उन्हांत धरावें. हातांच्या घामांतील मिठानेंही गंज चढतो. पात्यावर उमटलेले बोटांचे तांबूस ठसे पुष्कळांनीं पाहिले असतील. यासाठीं शेवटीं तेलाचा पातळ हात फिरवावा. शिवणयंत्राचें तेल उत्तम. जवसाचें किंवा करडईचें तेल हवेंत सुकून डिंकासारखें होतें, तें टाळावें. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनीं मोहाच्या बियांचें तेल सुचविलें. तें तसें सुकत नाहीं. मात्र जुनें व खंवट झालेलें तेल आम्ल धरतें, म्हणून ताजेंच घ्यावें. काम सुरू करण्यापूर्वीं तें पुसून काढावें. तेलाच्या डागावर पॉलिश धरत नाहीं.

करवतीच्या दांतांना आच्छादन हवें, तर सातपुड्यांत बांबूस तोटा नाहीं. बांबूच्या कांबीस लांबीभर चीर दिली कीं ती दांतांवर चपखल बसते. गिरमिटें व ड्रिलचीं टोकें एका डब्यांत ओतून ठेवण्याची चाल तर तत्काळ सोडावी. तीं एकमेकांवर आपटून धार घालवितात. लांकडी ठोकळ्यास भोकें पाडून तीं उभीं ठेवावीं. ठोकळा खैराचा वा बाभळीचा मात्र नसावा. त्यांतील तुरट द्रव्य ओल्या लोखंडास काळें करतें.

आमचे एक स्नेही म्हणतात कीं, तासिका आधींच अपुरी, त्यांत पुसापुशीला वेळ कोठून आणावा ? हें काम शिपायानें करावें आणि नव्या हत्यारांसाठीं अनुदान मागावें. अनुदान अवश्य मागावें. पण शिपायानें पुसलेली करवत वापरणारा मुलगा घरीं गेल्यावर स्वतःची करवत कशी ठेवावी हें कोठें शिकणार ? शेवटचीं दहा मिनिटें हाही सुतारकामाचाच धडा आहे, आणि त्याला गुण असावेत असें आमचें स्पष्ट मत आहे. खुर्चीचा एक सांधा त्या दिवशीं अपुरा राहिला तरी चालेल.

यंदा आम्हीं गोणपाट काढून टाकलें आहे. जून ते सप्टेंबर दर शनिवारीं पेटी उघडून हत्यारांवर तेलाचा हात फिरविण्याची पाळी नववीच्या मुलांनीं आपसांत वांटून घेतली असून, तेलाची बाटली आतां कुलपांत नसते, खिडकीपाशीं फळीवर असते.