चुलीपाशी : टोमॅटोचे दाट सूप, घरच्याच सामानातून



टोमॅटोसारखे लहरी पीक दुसरे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात घाऊक भाव किलोला दोन-तीन रुपयांवर उतरला आणि शेतकऱ्यांनी भरल्या क्रेटी रस्त्यावर ओतल्या. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, तोच टोमॅटो शहरांत किलोला शंभराच्या वर गेला आणि काही ठिकाणी दोनशेवरही पोचला. तोडणीची मजुरी आणि टेम्पोचे भाडे वजा जाता हाती काय उरेल, हे लावणीच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

बाजाराला आवर घालणे आपल्या हाती नाही. पण आपल्याच मळ्यातला माल आपल्याच मुलाबाळांच्या पोटात जावा, एवढे तर आपल्या हाती आहे ना? पुष्कळ घरांत असे दिसते की चांगला माल क्रेटीत जातो, फुटका माल गुरांपुढे पडतो आणि घरात येतो तो फक्त भाजीत घालण्यापुरता. मग पाहुणे आले किंवा कोणी तापातून उठले की तालुक्याच्या दुकानातून सूपचे पाकीट येते. त्या पाकिटाच्या पाठीवरची यादी एकदा वाचून पाहा. जो जिन्नस वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहावा असा नियम आहे. टोमॅटोच्या जोडीला पिठूळ स्टार्च, साखर आणि मीठ यांचा नंबर किती वर लागतो, हे आपले आपणच पाहावे.

हॉटेलात मिळते तसे गुळगुळीत, सायीसारखे दाट सूप घरी करायला काही वेगळे लागत नाही. डब्यातले पीठ, वाटीभर दूध, चमचाभर तूप आणि टोमॅटो एवढे असले की झाले. पाच माणसांचे प्रमाण देते. वाटी म्हणजे साधारण दीडशे मिलिलिटरची, आणि चमचा म्हणजे आपला पोह्याचा चमचा.

साहित्य : पिकलेले लाल टोमॅटो पाऊण किलो, मध्यम कांदा एक, लसणाच्या पाकळ्या चार, लहान गाजर एक (गाजर नसल्यास लाल भोपळ्याची फोड), तूप किंवा लोणी दोन चमचे, तांदळाची पिठी किंवा कणीक सपाट दोन चमचे, दूध दीड वाटी, गूळ सुपारीएवढा, चार-पाच मिरे कुटून, मीठ चवीप्रमाणे.

कृती : टोमॅटो धुऊन चार-चार फोडी कराव्यात. देठाकडचा हिरवा कठीण भाग काढून टाकावा, त्याने उग्र वास येतो. पातेल्यात एक चमचा तूप घालून कांदा आणि लसूण मंद आचेवर मऊ करावेत. तांबूस करू नयेत, नाहीतर सूपचा रंग काळपट होतो. मग गाजराच्या चकत्या आणि टोमॅटो घालून दीड वाटी पाणी ओतावे आणि झाकण ठेवून गाजर बोटाने दाबले जाईपर्यंत शिजू द्यावे. कुकर असेल तर दोन शिट्ट्या पुरेत. निवल्यावर मिक्सरमधून काढावे किंवा रवीने घुसळावे आणि पुरणाच्या चाळणीतून गाळून घ्यावे. साले व बिया वर राहतील. दाट लाल रस खाली येईल. तो पुन्हा चुलीवर ठेवून त्यात गूळ घालावा.

आता दुसऱ्या पातेल्यात उरलेले तूप पातळ करून त्यात पिठी घालावी आणि मंद आचेवर दोन मिनिटे परतावी. कच्चा वास गेला पाहिजे, रंग मात्र बदलता कामा नये. मग पातेले खाली उतरवून थंड दूध थोडेथोडे घालीत ढवळावे. एकदम ओतले तर गुठळ्या होतात. पुन्हा आचेवर ठेवून ढवळत राहावे. मिश्रण दाटसर होऊन चमच्याच्या पाठीला चिकटू लागले की झाले.

येथपर्यंत सारे सोपे. खरी मेख पुढेच आहे. दूध आणि टोमॅटो एकत्र केले की दूध फाटते, म्हणून पुष्कळजणी हा पदार्थ एकदा करून पुन्हा त्याच्या वाटेला जात नाहीत. दूध का फाटते ते समजून घेतले, तर ही भीती राहणार नाही.

टोमॅटो आंबट आहे. दुधात लिंबू पिळले की पनीर होते, तोच प्रकार येथे घडतो. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की दुधातली प्रथिने एकमेकांना धरून गोळा होतात आणि पाणी वेगळे पडते. यावरचा उपाय आपल्या घराघरांत पूर्वीपासून चालत आला आहे. कढी करताना ताकाला डाळीचे पीठ का लावतो? नुसते ताक उकळले तर फुटते. पीठ लावले की ते शिजून फुगते, प्रथिनांच्या कणांमध्ये शिरते आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. सूपमध्ये दुधाला आधी पिठी लावून शिजवायची, ती याचसाठी. कढी जमते तिला हे सूप जमलेच पाहिजे.

तरीही तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दोन्ही मिश्रणे गरम असावीत, पण खळखळ उकळत नसावीत. दुसरी, टोमॅटोचा रस दुधात घालावा, दूध रसात ओतू नये. पळीपळीने घालावा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. दूध रसात ओतले, तर पहिल्याच धारेला सगळा आंबटपणा भेटतो आणि ते तेथेच फाटते. तिसरी, एकत्र झाल्यावर उकळी आणू नये. वाफ येऊ लागली की मीठ-मिरी घालून उतरावे. सूप करून ठेवायचे असेल, तर लाल रस आणि दुधाचे मिश्रण वेगवेगळे ठेवून वाढायच्या वेळी एकत्र करावे.

कोणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालायला सांगतात. त्याने आंबटपणा मरतो आणि दूध फाटत नाही हे खरे. पण टोमॅटोची चवही मरते, आणि त्यातले क जीवनसत्त्व सोड्यापायी अधिक लवकर नासते. पीठ असताना सोड्याची गरज नाही.

आता दुधाविषयी. सकाळ-संध्याकाळचे दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते राहते, अशी घरे गावोगाव आहेत. त्या भगिनींनी मन खट्टू करू नये. दुधाशिवायही सूप दाट होते. रात्रीचा उरलेला भात अर्धी वाटी घेऊन टोमॅटोबरोबरच शिजवावा आणि एकत्र वाटावा. भातातला स्टार्च सायीसारखा दाटपणा देतो. मूठभर मसुरीची किंवा मुगाची डाळ घातली, तर दाटपणाबरोबर प्रथिनेही मिळतात. दोन चमचे शेंगदाणे भाजून, सोलून पाण्यात अगदी बारीक वाटून घातले की चव निराळी आणि खमंग लागते. कोकणात तर नारळाचे दूध घालून टोमॅटोचे सार करतातच. नारळाचे दूधही जोरात उकळले की फुटते, म्हणून ते शेवटी घालावे. विदर्भात टोमॅटोला भेदरं म्हणणाऱ्या आजीबाई आहेत, त्यांना सूप हे नाव परके वाटेल. पण ताटात आले की ते सारच आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन नावाचे द्रव्य शरीराला उपयोगी मानतात. कच्च्या टोमॅटोपेक्षा शिजवलेल्या आणि थोड्या स्निग्धासह खाल्लेल्या टोमॅटोतून ते शरीरात अधिक सहज मिसळते. म्हणून चमचाभर तुपात कंजुषी करू नये. दात गेलेल्या आजोबांना आणि भाजीकडे पाहून नाक मुरडणाऱ्या लेकराला हे सूप गाजर-डाळीसह बिनबोभाट पोटात घालता येते. मात्र ज्यांना आंबटाने जळजळ होते त्यांनी बेताने घ्यावे, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोमॅटो वाढवू नये.

भांड्याविषयी सांगायलाच हवे. तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात टोमॅटो कधीही शिजवू नये. आंबटाने धातू सुटून अन्नात उतरतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये. स्टीलचे भांडे सर्वांत चांगले.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या मळ्याची आहे. औषध फवारल्यावर किती दिवस तोडणी करू नये, हे औषधाच्या डब्यावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेले असते. बाजारच्या मालासाठी तो नियम पाळायचा, आणि सकाळी फवारलेल्या वाफ्यातून संध्याकाळी घरच्यासाठी चार टोमॅटो तोडून आणायचे, असे होता कामा नये. आपले लेकरू काही बाजारातल्या गिऱ्हाइकापेक्षा कमी मोलाचे नाही. कोणत्या वाफ्याला कधी फवारणी झाली हे घरधन्याला विचारून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. पाण्याने धुतल्याने सगळे औषध जाते, या भरवशावर राहू नये.

तोडणीत फुटलेला ताजा टोमॅटो त्याच दिवशी सूपला चालतो. पण बुरशी धरलेला किंवा आंबूस वासाचा फेकूनच द्यावा. तेवढाच भाग कापून बाकीचा घेऊ नये. मऊ फळात बुरशी डोळ्यांना दिसते त्याहून खोल गेलेली असते.

शेवटी, भाव पडला असता काय करावे? टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असते. ते पाणी उन्हाने काढून टाकले की माल टिकतो. घट्ट, गराचे टोमॅटो निवडून धुऊन पुसावेत. पाव इंच जाडीच्या चकत्या करून थोडे मीठ भुरभुरावे आणि स्वच्छ कापडावर एकेरी पसराव्यात. वरून मलमल किंवा जुने सुती पातळ ताणून बांधावे, म्हणजे माश्या व धूळ बसत नाही. संध्याकाळी दव पडण्याआधी आत घ्यावे. कडक ऊन असेल तर चार ते सहा दिवसांत चकती वाळते. वाकवली असता कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर आणखी ऊन द्यावे, नाहीतर डब्यात बुरशी येते. वीस किलोच्या एका क्रेटीतून साधारण किलो-सव्वा किलो सुकी चकती मिळते. हे काम पावसाळ्यात होणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा फाल्गुनापासून पुढे करावे.

वाळवलेल्या चकत्या घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवाव्यात आणि लागेल तशी थोडीच पूड करावी, कारण पूड ओल लवकर ओढते. पाच माणसांच्या सूपला पूड पाच-सहा चमचे घ्यावी. चार वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, दहा मिनिटे उकळून गाळावी आणि पुढे वरच्याच कृतीने जावे. मिठाची चव आधी पाहावी, कारण चकत्यांना मीठ लावलेलेच असते.

एका घराने दोन क्रेटी वाळवल्याने बाजारभाव चढत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. भावासाठी जे करायचे ते वेगळे, आणि ते सर्वांनी मिळून करायचे आहे. पण पुढच्या आषाढात टोमॅटोला हात लाववेनासा झाला, तर तुमच्या फळीवरची बरणी भरलेली असेल. ज्या घराने पीक काढले, त्या घराला निदान टोमॅटो विकत आणावा लागू नये.

यंदा ऊन कडक आहे तोवर एक क्रेट तरी बाजूला काढाच. घरधनी कुरकुरला, तर पहिली वाटी त्यालाच वाढा.