लागत नाही म्हणजे काय?

मंडळी, सत्तरी ओलांडलेला मास्तर लिनक्सचं कर्नेल स्वतः कंपाइल करत बसतो, याचं आमच्या घरी आता कुणाला नवल वाटत नाही. आज मात्र मला भांडायचंय. भांडण आहे ते "लागत नाही ते सरळ काढून टाका" या उपदेशाशी.

नातेवाइकांसाठी आधी दोन शब्द. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तो बांधण्याआधी एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. त्यात एक भाग फाइलसिस्टीमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या आणि त्यांची नोंद ठेवायच्या पद्धतींचा. पद्धत कर्नेलला ठाऊक नसेल तर धडधाकट डिस्कही वाचता येत नाही. मोडी वाचणारा नसला की घरातले जुने दस्त असून नसल्यासारखे, तसंच. उत्तरं तीन: वाय म्हणजे गाभ्यातच घाला, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल करून ठेवा, आणि एन म्हणजे नको.

तर झालं काय, मीही एकदा तो उपदेश ऐकून भराभर एन ठोकत गेलो. मग एके दिवशी आमच्या दादाची पेन ड्राइव्ह लावली. दादाने शेवटच्या दोन वर्षांत आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या. हाताने माउंट करायला गेलो, तर कोडपेज 437 सापडत नाही म्हणे! फॅट ही पद्धत मी ठेवली होती, पण तिला लागणारे अक्षरांचे तक्ते 'नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट'मधून मीच काढून टाकले होते. ते परत घेतले, ड्राइव्ह उघडली... आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! उघडायला जावं तर फाइल मिळेना. घामच फुटला.

कारण साधं होतं. फॅटसाठी कर्नेलमध्ये आधीच भरून दिलेलं उत्तर आहे आयएसओ 8859-1, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरं. त्यात देवनागरीला जागाच नाही. यूटीएफ-8 नेहमी वापरावं का, हा प्रश्न वेगळा विचारतात आणि त्याचंही आयतं उत्तर 'नाही'. तो पर्याय देऊन पुन्हा माउंट केल्यावर 'आजोळ', 'आईची पत्रं', 'पहिली नोकरी' सगळं जागच्या जागी. जीवात जीव आला.

आता सांगा, यातलं काय "लागत नव्हतं"?

उपदेशक म्हणतात, कर्नेल सुटसुटीत राहतं. अहो, मॉड्यूल लागेपर्यंत मेमरीत येतच नाही. खर्च होते ती डिस्कवरची थोडी जागा आणि कंपाइलचा थोडा वेळ. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. जुन्या फाइलसिस्टीमच्या कोडकडे फारसं कुणी बघत नाही. मुद्दाम बिघडवलेली पेन ड्राइव्ह त्यातून घात करू शकते. पण त्यासाठी मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये टाकावं, म्हणजे ते आपोआप चढत नाही आणि हवं तेव्हा हाताने चढवता येतं. राउटर किंवा सर्व्हर बांधणाऱ्याने खुशाल एन म्हणावं. घरच्या संगणकाचं तसं नाही. घरात कपाट असतं आणि कपाटात जुन्या डिस्क असतात.

एक मात्र लक्षात ठेवा. ज्या फाइलसिस्टीमवर तुमची सिस्टीमच आहे, तिला वाय म्हणा. एम म्हटलंत आणि सोबत इनिटरॅमएफएस नसेल, तर मॉड्यूल ज्या डिस्कवर आहे ती उघडायलाच मॉड्यूल हवं! किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केल्यासारखं. हाही पराक्रम मी करून चुकलो आहे.

आणि हा प्रश्न कायम विचारला जाईल असंही समजू नका. रायझरएफएस 2001 साली 2.4.1 मध्ये कर्नेलात आली. 2022 साली 5.18 मध्ये ती मोडीत काढणार असल्याचं जाहीर झालं आणि जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 6.13 मधून ती गेली. तिथे आता एम म्हणायचीही सोय नाही. अशी डिस्क माळ्यावर असेल, तर जुनं कर्नेल चालवून आजच तिची नक्कल करून ठेवा.

म्हणून म्हणतो, एन दाबण्याआधी एकदा कपाट उघडून बघा. दादाच्या फायली मी दोन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत. घरच्यांपैकी ज्यांना हव्यात त्यांनी कळवा. आणि उपदेशकांनो, तुमचं काही वेगळं म्हणणं असेल तर तेही जरूर लिहा. मास्तर ऐकून घेईल, पण एन म्हणणार नाही!