क्रम यंत्राचा की मराठीचा?

एका स्मरणग्रंथाची संदर्भसूची मध्यंतरी आमच्या पाहण्यात आली. तीत प्रथम 'काळे', मग 'कावळे' आणि त्यानंतर 'कासार'. 'क्षीरसागर' तर 'खरे' यांच्याही आधी, 'क'च्या रांगेत जाऊन बसलेले. आम्ही विचारणा केली, तेव्हा उत्तर मिळाले : "क्रम संगणकाने लावला आहे, तो चुकणार कसा?" आमचे भांडण संगणकाशी नाही, या उत्तराशी आहे.

संगणकाला वर्णमाला ठाऊक नसते. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा देवनागरीची मांडणी १९८८च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेण्यात आली. ती मांडणी अनेक भारतीय लिप्यांना समान ठेवायची होती, म्हणून 'ळ'ला 'ल'च्या शेजारी जागा मिळाली. 'क्ष'ला स्वतंत्र आकडाच नाही. तो 'क', हलन्त आणि 'ष' यांचा जोड. आमच्या बाळबोध वर्णमालेत मात्र 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. ओरेन पॅटाश्निक यांनी १९८५ साली लाटेकसाठी रचलेला 'बिबटेक' रोमन लिपी समोर ठेवून केलेला; देवनागरी नावे त्याच्या हाती दिली, तर तो आकड्यांच्याच क्रमाने जाणार. त्यात त्याचा दोष नाही. पुढे आलेल्या 'बिब्लाटेक' आणि 'बिबर' या जोडीला भाषा मराठी असल्याचे सांगितले की मराठी क्रम लावता येतो. पण सांगायला हवे ना!

आणि सर्वच प्रश्न यंत्र सोडवू शकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'द'मध्ये शोधावेत की 'ब'मध्ये? एकाच घराण्याचे नाव कोठे डिसोजा, कोठे डिसूझा, तर कोठे डिसोझा असे छापलेले असते. १६१६ साली राशोल येथे ज्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, ते फादर थॉमस स्टीफन्स पोर्तुगीज कागदपत्रांत 'एस्तेवाव' होतात. यंत्र त्यांचे दोन लेखक करील आणि त्यांना सूचीच्या दोन टोकांना बसवील. दोन्ही नावे एकाचीच, हे माणसालाच सांगावे लागते. बिब्लाटेकमध्ये छापायचे नाव एक आणि क्रमासाठीचे नाव दुसरे, अशी सोय आहे. ती वापरण्याचे कष्ट कोणी घ्यायचे, एवढाच प्रश्न.

कोणी म्हणेल, सूची ग्रंथाच्या शेवटी असते. ती वाचतो कोण? आम्ही म्हणतो, सूची वाचायची नसते, तीत शोधायचे असते. आजोबांचे एखादे छोटे पुस्तक शोधणारी नात योग्य अक्षराखाली पाहते, तेथे नाव नसते, आणि पुस्तक नव्हतेच असे समजून ती ग्रंथ मिटते. मग ते पुस्तक छापले जाऊनही हरवलेच. आधीच तुटपुंज्या असलेल्या आमच्या लिखित ठेव्याला ही हानी परवडणारी नाही.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे. धर्मग्रामाचा स्मरणग्रंथ असो वा शतसांवत्सरिक अंक, संपादकांनी अक्षरजुळणीपूर्वीच तीन गोष्टी ठरवाव्यात : वर्णक्रम मराठी असेल, आडनावाचे एकच रूप धरून इतर रूपांपुढे 'पाहा' अशी खूण असेल, आणि 'डि', 'दि' हे आडनावाचे अंग मानायचे की नाही, याचा एकच नियम असेल. त्यानंतर यंत्राने खुशाल क्रम लावावा. ते आज्ञाधारक आहे. आज्ञा द्यायचे मात्र आपण विसरलो आहोत.