गॅदरिंगचा नाच आणि कॉपीराइट

आज २३ एप्रिल. युनेस्कोने १९९५ मध्ये हा दिवस पुस्तकांसाठी आणि स्वामित्वहक्कासाठी ठरवला. पुस्तकांविषयी आज सगळीकडे बोलले जाईल. स्वामित्वहक्काविषयी शाळांमध्ये बोलायला हवे, कारण गॅदरिंगमधला नाच, मुलांची नाटुकली, बाईंनी फळ्यावर समजावलेले अपूर्णांक हे सारे आता यूट्यूबवर जाते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शाळेला मोठी मुभा दिली आहे. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळींपुरते असतील, तर कलम ५२ प्रमाणे चित्रपटातले गाणे लावून नाच बसवायला परवानगी लागत नाही. तोच नाच चित्रित करून सर्वांसाठी खुला केला की ही मुभा तोकडी पडते. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा हक्कधारकांनी जमा केलेल्या ध्वनिमुद्रणांशी व्हिडिओ ताडून पाहते. गाणे जुळले की व्हिडिओ अडतो, किंवा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात. हा झाला ‘क्लेम’. ‘स्ट्राइक’ ही निराळी आणि गंभीर गोष्ट. ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनल बंद होऊ शकते. हा फरक न कळल्याने एखाद्या शिक्षकाने घाबरून वर्षभराचे पाठ काढून टाकले, तर नुकसान विद्यार्थ्यांचे होते. रसग्रहणासाठी दाखवलेला चित्रपटाचा तुकडा आणि नुसता उचललेला तुकडा यांतला भेद यंत्राला दिसत नाही. तिथे आक्षेप जरूर नोंदवावा. हक्कधारकाने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर क्लेम सुटतो.

पण गाणे रचणाऱ्याचेही पोट असते. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हिस्सा मिळावा, यासाठी २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली; जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत आग्रहाने बोलले. दुसऱ्याचे कष्ट फुकट वापरायची सवय निदान शाळेने लावू नये.

तंत्रज्ञानाने मुलांची कल्पकता मारली, हे आम्हाला पटत नाही. तयार गाण्यावर तयार पावले टाकायची सवय मात्र तिला नक्की मारते. मोकळे साहित्य आपल्याकडे उदंड आहे. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. एखाद्या गायकाचे गाजलेले ध्वनिमुद्रण तसे नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन मुक्त होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’वरून कोणतीही शाळा नाटक बसवू शकते, ते चित्रित करून जगाला दाखवू शकते. आणि मुलांनी स्वतः बांधलेल्या चालीवर हक्क त्यांचाच. त्यासाठी नोंदणीही लागत नाही.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी शिक्षक प्रशिक्षणातली एक दुपार या विषयाला द्यावी: क्लेमला उत्तर कसे द्यायचे, मुक्त साहित्य कुठे शोधायचे, श्रेय कसे लिहायचे. आणि येत्या गॅदरिंगमध्ये निदान एक गाणे असे व्हावे, ज्याचे शब्द आणि चाल त्याच शाळेतल्या मुलांची असेल.