विश्लेषण : पिकअपला पाटा वाढवला, म्हणून भार वाढतो का?

गाडी उंच करणे, नवे शॉकअप, रुंद डिस्क, मोठे टायर... धाराशिव जिल्ह्यातील पिकअपमालकाने खर्च कुठे करावा आणि कुठे हात आखडता घ्यावा?

सोयाबीनची रास झाली की धाराशिव जिल्ह्यातील गॅरेजवर पिकअप येऊ लागतात. मिस्त्रीला सांगायचे काम ठरलेले असते : ‘मागे एक पाटा वाढवा.’ दसरा-दिवाळीच्या तोंडावर कळंब, ढोकी, येडशी भागातून माल लातूरच्या मोंढ्याकडे निघतो. भूम-वाशीकडचा खवा, तुळजापूर भागातली द्राक्षे, बाजाराला निघालेल्या उस्मानाबादी शेळ्या, सगळ्यांना पिकअपच लागते. पाणंद रस्त्याने शेताच्या बांधापर्यंत मोठा ट्रक जात नाही, पिकअप जाते. भाडे क्विंटलवर किंवा खेपेवर ठरते आणि बँकेचा हप्ता महिन्याला चुकत नाही. मग १७ क्विंटलच्या गाडीत २५ क्विंटल बसवण्याचा मोह होतो.

दुसरीकडे हौशी तरुण मालक आहेत. मोबाइलवर उंच केलेल्या गाड्यांचे रील पाहून ते लिफ्ट किट, बाहेर डोकावणाऱ्या डिस्क आणि जाड टायरची चौकशी करतात. दोघांची गरज वेगळी असली तरी समज एकच आहे : गाडी उंच आणि कडक झाली म्हणजे ती मजबूत झाली. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत पैशापुरती राहत नाही.

भारक्षमता नेमकी कशावर ठरते?

कंपनी गाडीचे एकूण वजन ठरवते तेव्हा फक्त पाटे पाहत नाही. चेसिस, मागचा अॅक्सल, चाकांचे बेअरिंग, डिस्क, टायर आणि ब्रेक या सगळ्यांत जो भाग सर्वात आधी हात टेकेल, तो मर्यादा ठरवतो. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन, दोन्ही लिहिलेले असते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे कायदेशीर भार. त्यात चालक आणि क्लीनरचेही वजन आले.

पाटा वाढवल्याने या साखळीतली एकच कडी जाड होते. बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. समजा, गाडीचे रिकामे वजन १७ क्विंटल आणि भार १७ क्विंटल आहे, म्हणजे एकूण ३४. त्यात २५ क्विंटल भरले तर एकूण वजन ४२ क्विंटल होते. त्याच वेगात गाडी थांबवताना ब्रेकना सुमारे २४ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. पाटा वाढवल्याने मागचा भाग बसलेला दिसत नाही, त्यामुळे भार जास्त झाला आहे ही खूणही नजरेआड होते.

पाटा वाढवल्यावर ब्रेकचे काय होते?

सात सारख्या पाट्यांच्या संचात तसाच आठवा घातला तर कडकपणा साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. जाडी वाढवली तर गणित आणखी बदलते, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा जवळपास दुप्पट कडक असतो. भरलेल्या गाडीला हे सुखाचे वाटते. पण परतीच्या खेपेला रिकामा हौदा खड्ड्यागणिक उडतो. चाक रस्त्यावरून उचलले गेले की त्या क्षणी त्या चाकाला ना पकड असते, ना ब्रेक.

याहून गंभीर गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी चेसिस आणि अॅक्सल यांमधले अंतर मोजते. भार भरला, हौदा खाली आला, की व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरत नाही. जाड पाटा टाकला की हौदा पुरेसा खाली येतच नाही. गाडीत २५ क्विंटल माल असतो आणि व्हॉल्व्हला मात्र गाडी अर्धी रिकामी वाटते. मागचा ब्रेक ऐन गरजेच्या वेळी कमी लागतो, सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि तुळजापूरजवळच्या घाटासारख्या उतारावर ते तापून निकामी होऊ लागतात.

यावर काही ठिकाणी व्हॉल्व्हची दांडी तारेने बांधून ठेवण्याचा जुगाड केला जातो. मग उलटा धोका होतो. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना पूर्ण दाब मिळतो आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. पाट्यांचे कोणतेही काम झाले की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने लावून घेणे हा त्या कामाचाच भाग समजला पाहिजे.

पाटे खरोखर बसले असतील तर ते बदलावेत, पण मूळ मापाचेच घ्यावेत. पाटा भट्टीत लाल करून हातोड्याने बाक दिला की पोलादाला दिलेले ‘पाणी’ उतरते. असा पाटा काही दिवस उंच दिसतो आणि पुन्हा बसतो किंवा तुटतो.

उंच केल्याने गाडी चिखलातून निघते का?

जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते आणि चाकोऱ्या खोल होतात. तिथे गाडी अडकते ती बहुतेक वेळा मधल्या मातीला मागच्या अॅक्सलचा डिफरन्शियलचा गोळा टेकल्यामुळे. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा लिफ्ट किट बसवून गाडी दोन इंच उंच केली तर चेसिस आणि हौदा वर जातो. अॅक्सल मात्र चाकांवर टेकलेला असल्याने जिथल्या तिथे राहतो. गोळ्याची जमिनीपासूनची उंची एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरचा व्यास वाढल्यावर, तीही निम्म्याने.

उदाहरण घेऊ. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर असतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला तर तो सुमारे ७३४ होतो. म्हणजे अॅक्सल वर आला फक्त १५ मिलिमीटर. त्याची किंमत अशी : स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ते ६३ च्या वेगात असते. चाकावर मिळणारा जोर सुमारे ४ टक्के घटतो. शिवाय पूर्ण वळण घेताना किंवा भार असताना टायर मडगार्डला घासतो का, हे वेगळेच तपासावे लागते.

उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो. मालाची रास हौद्याच्या वर गेलेल्या पिकअपमध्ये तो आधीच वर असतो. वळणावर गाडी कधी उलटेल हे दोन चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर असेल आणि तो पाच सेंटिमीटर वर गेला, तर उलटण्याविरुद्धची राखीव ताकद जवळपास ५ टक्क्यांनी कमी होते. लिफ्ट किटची उपयुक्तता चारचाकी ड्राइव्हच्या, कमी भाराच्या आणि खडकाळ वाटांवर जाणाऱ्या गाड्यांपुरती आहे. माल वाहणाऱ्या पिकअपला त्याचा फायदा जवळपास शून्य आहे.

शॉकअपचे काम कोणते?

शॉकअप भार उचलत नाही. भार पाटे उचलतात. खड्ड्यातून गेल्यावर पाटे जी उसळी घेतात ती लवकर शांत करणे, म्हणजेच टायर रस्त्याला चिकटवून ठेवणे, हे शॉकअपचे काम. म्हणून ‘शॉकअप बदलले की गाडी उंच राहील’ ही अपेक्षा चुकीची आहे. मात्र गेलेले शॉकअप दुर्लक्षित करणेही महागात पडते. बाहेर तेल पाझरलेले दिसणे, स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डोलणे, टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडून झीज होणे, या तीन खुणा ओळखाव्यात. बदलायचे तर एका अॅक्सलची जोडी एकदम बदलावी आणि सोबत घासलेले रबरी बुश पाहावेत.

टायर आणि डिस्क घेताना काय वाचावे?

चांगल्या टायरवर केलेला खर्च सर्वात आधी वसूल होतो. टायरच्या बाजूवर मापाशेजारी भार निर्देशांक छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, तर १०८ म्हणजे १,००० किलो. कारचा टायर त्याच मापाचा आणि स्वस्त मिळाला तरी त्याचा निर्देशांक कमी असू शकतो. कंपनीने दिलेल्या निर्देशांकापेक्षा आणि प्लाय रेटिंगपेक्षा कमी टायर पिकअपला कधीही घालू नये.

शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ मधला २३ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा. डांबरी रस्त्यावर जास्त फिरणाऱ्या गाडीला पुढे उभ्या रेषांची रिब नक्षी चांगली, ती पाणी बाजूला सारते आणि स्टिअरिंग सरळ ठेवते. शेतरस्त्याला मागे दातेरी लग नक्षी माती पकडते. एकाच अॅक्सलवर रेडियल आणि नायलॉन टायर मिसळू नयेत. हवा टायर थंड असताना तपासावी. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि धुळे-सोलापूर महामार्गावर भर दुपारी फुटते.

डिस्कच्या बाबतीत पोलादी डिस्कच कामाची. खड्ड्यात ती वाकते, पण बहुधा सरळ करता येते. अलॉय डिस्कला तडा जातो. बाहेर डोकावणारी डिस्क किंवा स्पेसर बसवला की चाकाचा भार बेअरिंगपासून लांब जातो आणि बेअरिंगचे आयुष्य घटते.

कायदा काय सांगतो?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात स्पष्ट केले, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेच सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ ‘अ’नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपयांची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

मग दोष एकट्या गाडीमालकाचा का?

इथेच खरा प्रश्न आहे. एका पिकअपवाल्याने २५ क्विंटलला नकार दिला तर माल दुसऱ्याच्या गाडीत जातो. नियम पाळणाऱ्याचे भाडे बुडते. त्यामुळे ‘पाटा वाढवू नका’ एवढा उपदेश अपुरा आणि थोडा अन्यायाचाही आहे.

कलम १९४ गाडी चालवणाऱ्यापुरते थांबत नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू होते. मोंढ्यात वजनकाटा असतो आणि त्याच्या पावतीवर गाडीचा नंबर लिहिला जातो. त्या पावतीवर आरसीवरील एकूण वजनाची मर्यादा छापण्याची सक्ती बाजार समित्यांनी केली, तर जादा भार कोणी भरला आणि कोणी भरायला लावला हे कागदावर येईल. सगळ्यांना एकच मर्यादा लागली की भाडेही त्या मर्यादेला धरून ठरेल. एमएच २५ च्या गाड्या रस्त्यात अडवून पावत्या फाडण्यापेक्षा हे सोपे आहे.

तोवर मालकाच्या हातात खर्चाचा क्रम आहे. आधी योग्य निर्देशांकाचे टायर आणि हवा. मग ब्रेक आणि बेअरिंग. त्यानंतर शॉकअप आणि बुश. पाटे बसले असतील तरच मूळ मापाचे पाटे, व्हॉल्व्ह लावून. उंच गाडी आणि रुंद डिस्क या यादीत नाहीत. ज्यांना रोज २५ क्विंटल न्यायचे आहेत, त्यांना जाड पाट्याची नाही, मोठ्या गाडीची गरज आहे. पाटा हजारांत येतो आणि गाडी लाखांत, हे खरे. पण घाटात ब्रेक लागले नाहीत तर त्या हिशेबात माल, गाडी आणि समोरून येणाऱ्याचा जीवही धरावा लागतो.