गोबर वायूच्या टाकीचा खरा हिशेब

गोबर वायूचे नाव ऐकले नाही असा शेतकरी महाराष्ट्रात आज विरळाच आढळेल. टाकीही पुष्कळांनी पाहिलेली असते. परंतु गोठ्यामागील टाकीच्या कुंडात गवत उगवले आहे, नळी उंदरांनी कुरतडली आहे आणि स्वयंपाकघरात पूर्वीप्रमाणेच चूल धुमसत आहे, असे दृश्यही अनेक गावी दिसते. दप्तरात मात्र ही टाकी ‘पूर्ण’ म्हणून नोंदलेली असते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हा दोष शास्त्राचा नव्हे आणि शेतकऱ्याचा तर फारच थोडा. तो आपल्या मोजण्याच्या रीतीचा आहे. आपण टाक्या मोजतो. त्यांत रोज किती शेण पडते, हे मोजत नाही.

शास्त्राची बाजू जुनी व पक्की आहे. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात मैल्यापासून निघणाऱ्या वायूचा उपयोग १८९७ सालीच करण्यात आला होता. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत डॉ. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग केले. १९५१ साली जशभाई पटेल यांनी लोखंडी तरंगत्या टोपीची टाकी सिद्ध केली व पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिचा देशभर प्रसार केला. लोखंड महाग व गंजणारे. म्हणून उत्तर प्रदेशातील अजितमल येथील संशोधन केंद्रात १९७८ साली विटांच्या पक्क्या घुमटाची ‘जनता’ टाकी निघाली आणि १९८४ साली तिच्याहून स्वस्त अशी ‘दीनबंधू’ टाकी आली. राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ पासूनचा आहे. म्हणजे रचनेचा शोध लागून गेला. उणीव आहे ती टाकी चालती ठेवण्याची.

टाकीच्या आत काय घडते हे समजले की, ती का बंद पडते हेही सहज समजते. हवाबंद जागेत शेणकाला राहिला म्हणजे प्रथम एका प्रकारचे सूक्ष्म जंतू त्यातील तंतुमय व पिष्टमय भाग फोडून त्यापासून आम्ले तयार करतात. नंतर दुसऱ्या प्रकारचे, अतिसूक्ष्म व प्राणवायूचा स्पर्शही न सोसणारे जीव त्या आम्लांपासून मिथेन वायू तयार करतात. निघणाऱ्या वायूत शेकडा ५५ ते ६५ भाग मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. नव्या टाकीचा पहिला वायू पेट घेत नाही तो यामुळेच. टाकी फसली असे समजून निराश होण्याचे कारण नाही. पहिले जंतू चपळ आहेत, दुसरे मंद. दोघांचा मेळ राहिला तर काला ना आंबट ना खारा असा, मध्यम राहतो. शेणात कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण पंचवीसास एक असे असते व ते या जिवांना उत्तम मानवते. म्हणून नुसत्या शेणावर चालणारी टाकी सहसा आंबत नाही. मात्र घरचे खरकटे अन्न एकदम फार घातले, अथवा फिनेल किंवा साबणाचे पाणी गोठ्यातून वाहत कुंडात आले, की मंद जीव मरतात व वायू थांबतो. आजारी जनावरास प्रतिजैविक औषध चालू असेल, तर तेवढे दिवस त्याचे शेण उकिरड्यावर टाकावे.

थंडीचेही असेच आहे. या जिवांना ३० ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब हवी. पौष-माघात विदर्भ-खानदेशातील टाक्या सुस्त पडतात, आणि घरची माणसे टाकी बिघडली असे म्हणतात. घुमटावर मातीचा थर व त्यावर कडबा-पाचटाचा ढीग ठेवणे आणि उन्हात तापलेल्या पाण्याने दुपारी शेण कालवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता हिशेब पाहू. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटर वायू रोज हवा असेल, तर ५० किलो शेण आणि तितकेच पाणी रोज हवे. मध्यम गाय किंवा बैल दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देतो, तेही जनावर गोठ्यात बांधलेले असेल तर. दिवसभर रानात चरणाऱ्याचे निम्मे शेण रानातच राहते. अर्थात दोन घनमीटरच्या टाकीस चार-पाच बांधलेली जनावरे लागतात. ज्याच्या दावणीला दोनच जनावरे आहेत त्याला ही टाकी देणे म्हणजे दोन भाकरींच्या भुकेस पायलीभर पीठ मळण्याची परात देणे होय. पक्क्या घुमटाच्या टाकीत काल्याची पातळी योग्य राहिली नाही तर वायूला दाबच मिळत नाही. ज्योत पिवळी, मलूल होते आणि गृहिणी मुकाट्याने चुलीकडे वळते. तरी मोठीच टाकी बांधली जाते, कारण अनुदानाची रक्कम टाकीच्या आकाराबरोबर वाढते आणि दप्तरातही मोठा आकडा शोभून दिसतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी होत आहेत हे ध्यानात घेता, बहुसंख्य लहान शेतकऱ्यांना एक घनमीटरची टाकीच योग्य आहे. तिला २५ किलो शेण पुरते. एक घनमीटर वायू सुमारे साडेतीन किलो सरपणाचे किंवा ४३० ग्रॅम सिलिंडरच्या वायूचे काम करतो. म्हणजे ही लहान टाकी नीट भरली गेली, तर ३३ दिवसांत एका १४.२ किलोच्या सिलिंडराइतके इंधन घरातच तयार होते.

ज्यांच्याकडे जनावरेच नाहीत त्यांच्यासाठीही संशोधन झाले आहे. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पिष्टमय टाकाऊ पदार्थ, खरकटे, सडके धान्य यांवर चालणारी लहान टाकी तयार केली. तिला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. पिष्टात शक्ती अधिक व पाणी कमी, त्यामुळे थोड्या मालात पुष्कळ वायू निघतो. पण तिला वर सांगितलेला आंबण्याचा धोका शेणाच्या टाकीहून अधिक. ती सावध हातांची टाकी आहे. सरसकट वाटण्याची नव्हे.

कोणी म्हणेल, २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोहोचले, आता शेण कालवण्याची यातायात कशाला? आक्षेप रास्त आहे व त्याचे उत्तर टाळू नये. सिलिंडर ही मोठीच सोय आहे आणि ज्याला तो परवडतो त्याने अवश्य वापरावा. परंतु जोडणी मिळणे निराळे आणि दरवेळी भरलेला सिलिंडर विकत घेणे निराळे. ज्या घरात हाती रोकड सुगीनंतरच येते, तेथे सिलिंडर चहापुरता आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी झालेली दिसते. धूर अर्धा झाला म्हणजे अपाय अर्धाच राहतो असेही नाही. गुजरातमधील काही गावांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर धूर मोजण्याचे लहान यंत्र बांधून कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केलेली मोजणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. चुलीपुढे बसणारी स्त्री मोठ्या शहराच्या दूषित हवेहून कितीतरी वाईट हवा श्वासावाटे घेते, हे त्या मोजणीने उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. फुंकणी फुंकणाऱ्या बाईचा खोकला ‘वयोमानाने’ आला असे म्हणण्याची आपली सवय आता सुटली पाहिजे.

दुसरे उत्तर खताचे आहे, आणि शेतकऱ्यास तेच अधिक पटावे. सिलिंडर संपला की हाती रिकामे नळकांडे राहते. टाकीतून वायू निघाल्यावर शेण शिल्लकच असते. मिथेनमध्ये जातो तो कर्ब व हायड्रोजन. नत्र, स्फुरद व पालाश मळीतच राहतात. याउलट गोवरी जाळली की नत्र धुरात जातो. ५० किलो ओल्या शेणात कोरडा भाग सुमारे १० किलो. त्यात शेकडा दीड नत्र धरला तरी रोजचा १५० ग्रॅम व वर्षाचा ५५ किलोच्या घरात होतो. ४५ किलोच्या युरियाच्या अडीच पोत्यांहून अधिक एवढा हा नत्र आहे. गोवऱ्या थापणारे घर हा नत्र दरसाल चुलीत घालते आणि मग तोच कृषि सेवा केंद्रातून उचलून आणते! मात्र मळीचीही निगा हवी. तिच्यातील बराच नत्र अमोनियाच्या रूपात असतो व उघड्यावर उन्हात वाळवल्यास उडून जातो. मळी पाटाच्या पाण्याबरोबर थेट पिकास द्यावी, नाहीतर सावलीतील खड्ड्यात पाचट, काडीकचरा यांच्या थरांवर ओतून कुजवावी.

आरोग्य व ऊर्जा यांची सांगड घालून दाखविणारे काम महाराष्ट्रातच झाले आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याची विल्हेवाट व त्याचे खत हा विषय हाती घेतला. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. सुहास मापुसकर यांना तोच मार्ग दिसला. उघड्यावरील मैल्यामुळे पोटात जंत होतात, औषध देऊन ते जातात आणि पुन्हा होतात, हे ते वैद्य या नात्याने पाहत होते. संडास वायूच्या टाकीस जोडण्याची ‘मलप्रभा’ रचना त्यांनी उभी केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. या जोडणीस पुष्कळ घरांत अजूनही विटाळाची अढी आड येते. ज्योतीस शेण कोणते व मैला कोणता हे ठाऊक नसते, एवढेच येथे म्हणतो. पण एक गोष्ट शास्त्राने सांगितलेली आहे ती दडवू नये : जंताची अंडी चिवट असतात, टाकीत सर्वच मरत नाहीत. अशा टाकीची मळी काही महिने कुजविल्याशिवाय भाजीपाल्यास घालू नये.

आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांविषयी. टाकीचा अर्ज भरण्यापूर्वी त्यांनी सलग आठ दिवस गोठ्यातील शेण तागडीने तोलावे. घरधन्याच्या सांगण्यावर विसंबू नये. पाणी वैशाखात कोठून येते ते विचारावे. आणि शेण कालविणार कोण, हे त्या व्यक्तीसच विचारावे. बहुधा ती घरातील सासू किंवा सून असते आणि अर्जावर तिची सहीसुद्धा नसते. तिने नको म्हटले तर टाकी बांधू नये. पाणवठा अर्ध्या कोसावर असलेल्या घरी रोज दोन घागरींचे ओझे तिच्या डोक्यावर वाढवून धूर कमी केल्याचे श्रेय कोणी घेऊ नये.

एक इशारा येथेच द्यावासा वाटतो. बंद टाकी साफ करण्यासाठी कोणीही आत उतरू नये. तळाशी प्राणवायू नसतो, विषारी हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो, आणि आत पडलेल्यास काढण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच राहतो.

राहता राहिला नोंदवहीचा प्रश्न. टाकी बांधल्याच्या दिवशी ‘पूर्ण’ असा शेरा न मारता दोन रकाने मोकळे ठेवावेत : एक पुढील श्रावणाचा, दुसरा पुढील पौषाचा. श्रावणात नळीत पाणी साचून वायू अडतो. सर्वांत खालच्या जागी बसविलेली तोटी उघडून ते काढले की काम चालू होते, पण हे सांगणारा कोणी न आल्याने कित्येक टाक्या कायमच्या बंद झाल्या आहेत. पौषात थंडीची परीक्षा होते. या दोन्ही महिन्यांत कार्यकर्त्याने अगोदर न कळवता सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी जावे, शेगडी पेटवून ज्योत निळी आहे की पिवळी ते पाहावे, कुंडातील शेण ओले आहे की वाळलेले ते पाहावे, आणि मगच रकाना भरावा. अनुदानाचा शेवटचा हप्ता दुसऱ्या रकान्यानंतर द्यावा, अशी आमची सूचना आहे. यामुळे पहिल्या वर्षी टाक्यांचा आकडा घटेल आणि वरिष्ठांकडून विचारणाही होईल. अशा वेळी नोंदवहीतील ते दोन रकानेच त्यांच्यापुढे ठेवावेत.