दोन एमएल म्हणजे एक चमचा नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक लेक बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. बाळ उशिरा रडलं, दुसऱ्या दिवशी झटके आले, मग बारा दिवस काचेच्या पेटीत. घरी आलं तेव्हा सोबत फिनोबार्बिटोनच्या सिरपची बाटली आणि इंग्रजीतली चिठ्ठी: दोन एमएल, सकाळ-संध्याकाळ. आता आजीने ते वाचायचं कसं? औषध म्हटलं की चमचा, हा आपला हिशेब. चहाचा चमचा भरून दोन वेळा सुरू झालं. आठवड्याभरात बाळ दूध ओढेना, तळवे चोळले तरी डोळे उघडेना. आणि घरात सगळे म्हणत होते, "किती शांत झालंय गं!"

तो चमचा पाच एमएलचा. म्हणजे अडीचपट औषध जात होतं. एकविसाव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आल्या, त्यांनी बाटली नि चमचा दोन्ही पाहिलं आणि तडक दवाखान्यात नेलं, म्हणून निभावलं. मैत्रिणींनो, हे औषध जास्त झालं तर नुसती झोप येत नाही, श्वासही मंदावतो.

नवजात बाळाचे झटके मोठ्या माणसाच्या आकडीसारखे दिसत नाहीत. एकटक नजर, ओठांचा उगाच चाळा, सायकल मारल्यासारखे पाय, मध्येच श्वास थांबून ओठ निळे पडणं, एवढंच. नुसतं थरथरत असेल तर हात धरल्यावर थांबतं, झटका थांबत नाही. अशा वेळी कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. (पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाला डागल्याच्या बातम्या मेळघाटातून २०२५ सालीही आल्याच की!) दवाखान्यात आधी रक्तातली साखर पाहतात, कॅल्शियम पाहतात. साखर कमी झाल्याने झटके आले असतील तर साखरच द्यावी लागते.

हे फिनोबार्बिटोन काही आजचं नाही, १९१२पासून वापरात आहे. २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ते लेव्हेटिरासिटाम या नव्या औषधाशी ताडून पाहिलं, तर जुन्याने सुमारे ८० टक्के बाळांचे झटके थांबले, नव्याने २८ टक्के. तरीही खास नवजात बाळांच्या झटक्यांसाठी म्हणून अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती थेट नोव्हेंबर २०२२मध्ये, आणि तीही आपल्या मुंबईच्या सन फार्माच्या इंजेक्शनला. त्यात बेन्झाइल अल्कोहोल नाही. इंजेक्शन टिकावं म्हणून घालतात तो हा पदार्थ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यामुळे तिकडे अपुऱ्या दिवसांची बाळं दगावली होती. म्हणजे औषध बरोबर असूनही त्यात मिसळलेलं काय आहे, हे बघावंच लागतं.

मला जास्त महत्त्वाची वाटली ती २०२३ची गोष्ट. अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने डॉक्टरांना सांगितलं, की जन्मावेळच्या त्रासामुळे आलेले झटके थांबले असतील आणि कायमच्या फेफऱ्याची लक्षणं नसतील, तर बाळ घरी जाण्याआधीच औषध बंद करावं. आपल्याकडे मात्र बाटली देऊन पाठवतात आणि "किती दिवस?" हे विचारायला आई बिचकते. विचारावं हो! पण उत्तर मिळेपर्यंत स्वतःच्या मनाने थांबवू नये, एकदम बंद केलं तर झटके उलटतात.

आजीला दोष देण्यात अर्थ नाही. चिठ्ठी मराठीत असती, बाटलीसोबत बिनसुईची सिरिंज दिली असती, नर्सताईंनी एकदा समोर भरून दाखवलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. मोठ्या मशिनला पैसे मिळतात, दहा रुपयांच्या सिरिंजला नाही.

आमच्या गल्लीतल्या आजीने त्यानंतर सिरिंजवर दोनच्या रेघेला लेकीचं लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी करत बंद केलं.